तिसऱ्या दिवसाचं वजन

तिसऱ्या दिवसाचं वजन आम्ही सकाळी साडेसहाला घेतो. डॉक्टर राउंडला यायच्या आत आकडा कागदावर लागतो, नाहीतर त्यांची कुरकुर ऐकावी लागते. बाळाचं दुपटं सोडायचं, झबलं काढायचं, लंगोट काढायचा आणि उघडं बाळ काट्यावर ठेवायचं. बाळ रडतं. रडू द्यावं, रडण्याने वजन कमी होत नाही. आकडा थांबला की लिहायचा आणि जन्माच्या वेळच्या वजनाशी ताडून बघायचा. पहिल्या तीन दिवसांत प्रत्येक बाळ थोडं उतरतंच, त्यात नवल काही नाही. पण घट दहा टक्क्यांच्या वर गेली तर आमच्याकडे नियम आहे, की वरचं दूध सुरू करा. त्याच नियमाच्या कागदावर खाली आणखी दोन ओळी आहेत: आधी आई पाजते कशी ते पाहा, आणि बाळ दिवसात किती लंगोट ओले करतं ते विचारा. पण पहिल्या ओळीतच काम भागत असेल तर पुढच्या वाचतो कोण?

मी या वॉर्डाची सिस्टर. नोकरीला चोवीस वर्षं झाली. त्यांतली वीस खालच्या मजल्यावर लेबर रूममध्ये गेली आणि चार इथे, बाळंतिणींच्या वॉर्डात. पाठीमागे मला हेडमास्तर म्हणतात. म्हणोत बापडे. वीस खाटा, वीस आया, वीस बाळं आणि चाळीस नातेवाइकांचे ऐंशी सल्ले, एवढं सांभाळायचं तर कुणीतरी हेडमास्तर व्हावंच लागतं. गोड बोलणाऱ्या सिस्टर शेजारच्या वॉर्डात आहेत. तक्रारीही तिथेच जास्त आहेत.

अकरा नंबरच्या खाटेवरची बाई शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर वजनकाट्यावर कामाला होती. मालाचा ट्रक येऊन लोखंडी फळीवर उभा राहतो, ही काचेच्या खोलीत बसून त्याचं वजन घेते आणि चिठ्ठी फाडून देते. दिवसाला शंभरेक गाड्या. वॉर्डात झाडलोट आणि गरम पाणी बघणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव काटेबाई ठेवलं, आणि ते चिकटलं. ती स्वतःही त्या नावाला ओ द्यायला लागली. वयाने तिशीच्या पुढची, अंगाने काटक, बोलायला मोजकी. मला अशी माणसं बरी वाटतात.

ती दाखल झाली तेव्हाच तिने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिली मुलगी सहा वर्षांची, ती याच दवाखान्यात झाली होती. तेव्हा तिसऱ्या दिवशी तिला सांगितलं की बाळाचं वजन फार उतरलंय, तुमचं दूध पुरत नाही. पावडरच्या दुधाचा डबा सुरू झाला. बाळ डब्यावर सुखावलं, अंगावर यायला कंटाळू लागलं, आणि तीन आठवड्यांत सगळा कारभार आटोपला. तेव्हापासून मुलीला सर्दी झाली, ताप आला, शाळेत कुणी तिच्यापुढे गेलं, की घरात एकच वाक्य: तिला आईचं दूध कुठे मिळालं! बोलणारी सासू वाईट नव्हती, हे तिने मुद्दाम सांगितलं. सासू सहज बोलायची. सहज बोललेलंच जास्त लागतं, हे मला तिने सांगायची गरज नव्हती.

या वेळी मला पाजायचंच आहे, काय काय करावं लागतं ते सगळं सांगा, मी करीन, असं ती म्हणाली. असं म्हणणाऱ्या पुष्कळ भेटतात. दुसऱ्या दिवशी टाके दुखायला लागले की निम्म्या गार पडतात. ही गार पडली नाही.

बाळ झाल्या झाल्या तिने छातीवर मागून घेतलं. पहिल्या तासात ते लागलंही. मुलगा होता, चांगला खणखणीत आवाजाचा. मग दर दोन तासांनी ही उठून बसायची. पहिल्या दिवशी पकड चुकत होती, बाळ नुसतं टोकाला लोंबकळायचं आणि हिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी तिच्याजवळ स्टूल घेऊन बसले. बाळाकडे आपण वाकायचं नाही, बाळाला आपल्याकडे आणायचं, हे मी दिवसातून वीस वेळा सांगते, तसं तिलाही सांगितलं. पोटाला पोट. नाक समोर. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांबायचं, आणि मग हनुवटी आधी टेकवायची. तिसऱ्या खेपेला जमलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पलीकडच्या खाटेवर सुई देत होते, तर मला बाळ गिळल्याचा आवाज ऐकू आला. घुटक, मग थांबणं, मग घुटक. हा आवाज ओळखायला मशीन लागत नाही. चोवीस वर्षांचे कान लागतात, ते माझ्याकडे आहेत.

लंगोटही ठीक होते. तिनेच उशीखालच्या कागदावर पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत चार ओले, दोन घाण, आणि घाणीचा काळा रंग जाऊन हिरवट झालेला. सगळं जसं हवं तसं.

आणि साडेसहाला काट्यावर आकडा आला दोन किलो पाचशे नव्वद.

जन्माचं वजन दोन किलो नऊशे. तीनशे दहा ग्रॅम गेले होते. साडेदहा टक्क्यांच्या वर. मी बाळ उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. कान एक सांगत होते, आकडा दुसरंच. आणि मी काय केलं? आकडा लिहिला. कानांना कागदावर जागा नसते.

डॉक्टरबाई राउंडला आल्या, त्यांनी कागद पाहिला आणि नियमाप्रमाणे लिहिलं: वरचं दूध, तीस मिली, दर तीन तासांनी. त्या नवीन आहेत, दोनच वर्षं झाली, हुशार आहेत आणि माणूस म्हणूनही बऱ्या आहेत. त्यांनी बाळंतिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि काळजी करू नका, थोडे दिवसच द्यायचंय, असं सांगितलं. थोडे दिवस म्हणजे किती, ते अकरा नंबरला माहीत होतं. खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या सासूबाईंनी पिशवीत हात घातला. डबा त्यांनी घरूनच आणला होता, झाकण न उघडलेला. द्यायची इच्छा नव्हती, पण हाताशी असावा म्हणून आणला, असं त्यांनी मला सांगितलं, आणि ते खरंच असणार. बाई शहाणी होती. मागच्या वेळी अर्ध्या रात्री दुकान शोधत फिरावं लागलं होतं.

इथे आमच्या दवाखान्याचं एक दुखणं सांगायला हवं. आमच्या वॉर्डातून घरी जाणाऱ्या बाळांपैकी निम्मी डब्यावर जातात. दुसऱ्या दवाखान्यांत हे प्रमाण फार कमी आहे. वरच्या ऑफिसातून दर वर्षी पत्र यायचं, की तुमच्याकडेच असं का? आम्ही काय नाही केलं? भिंतींवर चित्रं लावली. वॉर्डाच्या टोकाला पडदा आणि आरामखुर्च्या घालून पाजायची खोली केली. दोनदा प्रशिक्षण झालं, तिथे एक बाई लोकरीने विणलेला स्तन आणि एक बाहुली घेऊन आल्या होत्या. मावशींनी तो हातात घेऊन असं काही तोंड केलं की आम्ही सगळ्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत हसत होतो. प्रत्येक मीटिंगच्या शेवटी मात्र निष्कर्ष एकच निघायचा: हल्लीच्या मुलींना दूधच येत नाही. खाणं बरोबर नाही, झोप नाही, हातात सतत फोन. मीही मान हलवायचे. मीच सगळ्यांत जास्त हलवायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीची दोरी माझ्याच हातात.

राउंड पुढे गेल्यावर मी अकरा नंबरला समजावायला थांबले. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. आधी आकडे विचारले. मी सांगितले. मग विचारलं, इथे वजन कसं घेता. मी म्हटलं, तुमच्यासमोरच घेतलं की, उघडं करून. आणि खाली, जन्मल्यावर? मला हा प्रश्न आवडला नाही. वीस वर्षं मी खालीच होते, वजन कसं घेतात ते मला विचारतेय! तरी सांगितलं. लेबर रूममध्ये गारवा असतो, काट्याचं ताट लोखंडी, ओलं बाळ त्यावर टेकवलं की निळं पडतं. म्हणून ताटावर गरम केलेला टॉवेल घालतो आणि मग बाळ ठेवतो. ही पद्धत मीच सुरू केली, हेही मी तिला सांगितलं, आणि थोड्या अभिमानाने सांगितलं. त्याआधी बाळं थंडीने काकडायची.

ती म्हणाली, "मग टॉवेल वजा करता ना?"

मी म्हटलं, करतो म्हणजे काय, तो होतोच.

"आमच्याकडे प्रत्येक गाडी दोनदा काट्यावर येते," ती म्हणाली. "एकदा भरलेली, एकदा रिकामी. रिकाम्या गाडीचं वजन धरायला कुणी विसरलं, तर गाडीसुद्धा मालात मोजली जाते. आणि तिकडे माल उतरवून घेणारा म्हणतो, ड्रायव्हरने वाटेत विकला."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? चोवीस वर्षं मी बाळं तोलतेय, आणि ट्रक तोलणारी बाई मला तोलायला शिकवतेय. मी तिला म्हटलं, अहो, काटा शून्य दाखवल्याशिवाय आम्ही बाळ ठेवतच नाही. आणि तरातरा निघाले. पण जिन्यापर्यंत गेले आणि पाय आपोआप वर स्टोअरकडे जायच्या ऐवजी खाली वळले.

लेबर रूममध्ये नुकतंच एक बाळ झालं होतं. तिथली स्टाफ नर्स माझ्याच हाताखाली तयार झालेली, हाताने चपळ. मी दाराशी उभी राहून बघत राहिले. तिने काट्याचं बटण दाबलं. शून्य आलं. हीटरखालचा टॉवेल घेतला, घडी घालून ताटावर ठेवला, वर बाळ ठेवलं, आकडा मोठ्याने वाचला आणि वहीत लिहिला. सगळं मिळून पंधरा सेकंद. बाळ आईच्या छातीवर गेलं, टॉवेलही त्याच्याबरोबर गेला.

मी दुसरा टॉवेल घेतला. काटा बंद करून चालू केला. शून्य. घडी घालून टॉवेल ठेवला. एकशे साठ ग्रॅम.

काट्याच्या कडेला दुसरं एक छोटं बटण असतं. टॉवेल ठेवल्यावर ते दाबलं की काटा टॉवेल विसरतो आणि तिथून शून्य धरतो. त्या बटणावरचं चित्र अजून कोरं होतं. पहिल्या बटणावरचं पार पुसून गेलं होतं. मी स्टाफला विचारलं, हे का नाही दाबत?

"शून्य तर आधीच येतं, सिस्टर," ती म्हणाली. "मला तुम्हीच असं शिकवलंत."

शिकवलं होतं. जुना काटा सुईचा होता. त्याच्यावर टॉवेल कायमचाच असायचा, आणि सकाळी एकदा टॉवेलसकट स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणली की दिवसभराची बेगमी. सात वर्षांपूर्वी नवा काटा आला, चालू केला की आपलाआपण शून्य दाखवणारा. आम्हाला वाटलं, झालं, स्क्रूचं काम गेलं. टॉवेल मात्र राहिला. सगळ्याच जणी घालायच्या असंही नाही, काही घाईत विसरायच्या, उन्हाळ्यात काही टाळायच्या, म्हणून कधी कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. एका बाळाचं वजन बरोबर, दुसऱ्याचं एकशे साठ ग्रॅम जास्त. आणि तीन दिवसांनी वर, उघड्या बाळाच्या वजनात, ते एकशे साठ ग्रॅम आईने गमावले असं धरायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा आम्ही सात वर्षं घातला, लोकरीच्या स्तनासकट.

जिन्यातच मी हिशेब केला. दोन किलो नऊशेतून एकशे साठ गेले, म्हणजे बाळ जन्मलं तेव्हा दोन किलो सातशे चाळीस. आज दोन किलो पाचशे नव्वद. घट दीडशे ग्रॅम. साडेपाच टक्के. अगदी कुठल्याही निरोगी बाळासारखी.

डॉक्टरबाई ओपीडीत होत्या. मी त्यांना उठवलंच. आधी त्यांचा विश्वास बसेना, मग त्या माझ्याबरोबर खाली आल्या आणि त्यांनी स्वतः तीन टॉवेल एकामागून एक तोलले. एकशे पंचावन्न, एकशे साठ, एकशे सत्तर. चौथा थोडा ओलसर होता, तो एकशे नव्वद भरला. अकरा नंबरचा कागद राउंडपासून माझ्याच हातात होता. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्याच्यावरची सकाळची ओळ खोडली. मग तिथल्याच स्टुलावर बसल्या आणि मला विचारलं, सात वर्षं? मी हो म्हटलं. त्या मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ओळ खोडली, पण वर वॉर्डात सकाळचीच ओळ चालू होती. मी धावत वर गेले. माझ्या वयात आणि माझ्या गुडघ्यांनी धावणं म्हणजे काय ते बघायला मावशी बादली ठेवून उभ्या राहिल्या.

अकरा नंबरचा पडदा अर्धा ओढलेला होता. डबा उघडला होता. सासूबाईंनी गरम पाण्यात पावडर घोटून वाटी तयार केली होती आणि चमचा त्यात उभा होता. बाळ रडत होतं. सासूबाईंचं म्हणणं साधं होतं: डॉक्टरांनी लिहिलंय, सिस्टरांनी वाटी उकळून दिलीय, लेकरू उपाशी आहे, आणि ही हट्टाला पेटलीय. हट्ट करायची ही जागा आहे का? ड्यूटीवरची नर्सही तेच सांगत होती. आणि ही बाई बाळाला छातीशी घट्ट धरून बसली होती आणि एकच सांगत होती, हेडमास्तर खाली गेल्यात, त्या येईपर्यंत नाही. माझं टोपणनाव तिलाही कळलं होतं तर.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली कशाला गेले ते तिला सांगितलं नव्हतं. पण तिला ते कळलं होतं.

"एकशे साठ," मी म्हणाले.

तिने डोळे मिटले. बोटांवर काहीतरी मोजलं. मग बाळाला घेतलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबली, हनुवटी टेकवली. रडणं थांबलं. घुटक, मग थांबणं, मग घुटक.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं, नर्सला ऐकू जाईल असं. बाळ उपाशी नाही. दूध पुरेसं आहे. वजन आमच्याकडे चुकलं. सासूबाईंनी विचारलं, चूक कुणाची? मी म्हटलं, माझी. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वाटी घेऊन मोरीकडे गेल्या. मोरीत ओतताना त्या स्वतःशीच म्हणाल्या, बरं झालं, वेळेवर कळलं. मला मनातून मोकळं वाटलं. वाटलं, सुटले.

दुपारी चार ते पाच भेटीची वेळ. बारा वर्षांखालच्या मुलांना वॉर्डात सोडत नाही, हा नियम माझाच. त्या दिवशी अकरा नंबरचा नवरा मोठ्या मुलीला घेऊन दाराशी उभा होता आणि मी आत जा म्हटलं. सकाळपासून माझ्या नियमांची घमेंड जरा उतरली होती. मुलगी सहा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, पुढचे दात पडलेले. ती स्टुलावर बसून पाय हलवत भावाकडे बघत होती. भाऊ पीत होता. बाप बाहेर फोनवर बोलत होता, सासूबाई पायथ्याशी चादर घडी करत होत्या.

मी तपमान बघायला गेले तेव्हा काटेबाईने हळू आवाजात विचारलं, "हिच्या वेळीही टॉवेल होता का?"

मला हा प्रश्न दुपारपासून माहीत होता. कुणी विचारला नाही तर बरं, असं मी म्हणत होते. जुन्या वह्या तळघरात आहेत, तिथला कारकून चारलाच जातो, आठवड्याने बघू, असं सगळं मला सांगता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. मी तळघरात गेले. कारकून निघतच होता, त्याने पंखा बंद केला होता, पण कपाट उघडून दिलं. सहा वर्षांपूर्वीची वही, थंडीचा महिना. पान सापडायला दोन मिनिटं लागली. जन्माचं वजन तीन किलो एकशे वीस. तिसऱ्या दिवशी दोन किलो सातशे नव्वद. शेरा: वरचं दूध सुरू. जन्माच्या वजनापुढे सही माझी. थंडीच्या दिवसांत मी टॉवेल विसरले, असं वीस वर्षांत एकदाही झालेलं नाही.

मी वही उघडी घेऊनच वर आले आणि तिच्या मांडीवर ठेवली. टॉवेल वजा केला तर तीन किलो एकशे वीसचे दोन किलो नऊशे साठ होतात. घट पावणेसहा टक्के.

"होता," मी म्हणाले. "वजन मी घेतलं होतं. तुमचं दूध पुरत होतं. चूक माझी होती."

तिने वहीवरून बोट फिरवलं. सासूबाईंची घडी अर्धवट राहिली. वॉर्डात दुसरीकडे लोक हसतबोलत होते, कुणाचा तरी भाऊ फुगे घेऊन आला होता.

"गळत होतं, सिस्टर," ती म्हणाली. "तेव्हा. दोन्ही बाजूंनी गळायचं, उशी भिजायची. मी आईला म्हटलं, एवढं येतंय, मग पुरत कसं नाही? आई म्हणाली, नुसतं पाणी असेल. मग मी फडक्याने आवळून बांधलं आणि आटवलं. आठ दिवस ताप होता मला."

मला माफी मागायची होती. चोवीस वर्षांत मी पुष्कळ जणींना बोल लावलेत, माफी एकीचीही मागितलेली नाही, त्यामुळे तोंडाला ती सवय नव्हती. मी मागितली, कशीबशी. लाज वाटली. मोठा शब्द नको, साधी लाज. तिने मान हलवली, पण ती माफ केल्याची होती की ऐकल्याची, ते मला कळलं नाही. मग तिने मुलीकडे बोट केलं.

"ते मला नको. तिला सांगा."

मी म्हटलं, ती लहान आहे, तिला काय कळणार. ती म्हणाली, तिच्यापुढे सहा वर्षं बोललं गेलंय, तेवढं सगळं तिला कळलंय.

सासूबाई चादर छातीशी धरून उभ्या राहिल्या. मी दुसरं स्टूल ओढलं आणि मुलीसमोर बसले. मुलांशी बोलायची माझी रीत नाही, माझ्याकडे येतात ती बोलत नसलेली. मी तिला सांगितलं, की तू जन्मलीस तेव्हा मी तुझं वजन केलं होतं. तुला थंडी वाजू नये म्हणून खाली टॉवेल घातला होता. पण टॉवेलचं वजन मी तुझंच समजून लिहिलं. मग तीन दिवसांनी टॉवेल नव्हता, तर आम्हाला वाटलं तू बारीक झालीस. आम्ही तुझ्या आईला सांगितलं की दूध कमी पडतंय, डब्याचं द्या. पण ते कमी पडत नव्हतं. तुझ्या आईला भरपूर दूध होतं आणि तू ते छान पीत होतीस. चुकलं ते माझं.

मुलीचे हलणारे पाय थांबले. ती माझ्याकडे बघत होती, मग आईकडे वळली.

"म्हणजे मी नको म्हटलं नव्हतं?"

मला काही उलगडलं नाही. मी आईकडे पाहिलं, तर तिचा चेहरा पार उतरलेला. मग सासूबाईंनीच खालच्या आवाजात मला सांगितलं. बाळ येणार म्हटल्यावर मुलगी विचारायला लागली होती, की मला का नाही पाजलं? मला दूध नव्हतं, हे मुलीला सांगायला आईची जीभ रेटेना. तर ती म्हणायची, तूच घेत नव्हतीस, तोंड फिरवायचीस, तुला आई नको असायची. गमतीत सांगायची. मुलगीही हसायची.

मुलगी उत्तरासाठी थांबून होती.

"नाही," मी म्हणाले. "तू एकदाही नको म्हटलं नव्हतंस."

मुलगी स्टुलावरून उतरली, खाटेला वळसा घालून पलीकडे गेली आणि आईच्या मोकळ्या कुशीला टेकून बसली. आईने तिला हाताने आत ओढून घेतलं. बाळंतिणीच्या खाटेवर बसायची कुणालाही परवानगी नाही. मी वही उचलली आणि बारा नंबरचं तपमान बघायला गेले.